वैमानिक शाल्मली

पडद्यावर अंतराळयानाला आग लागली होती आणि वैमानिक शाल्मली नुसती दाराकडे बघत बसली होती. मालिकेची नवी मुख्य लेखिका मुक्ता हिने फक्त प्रसंग दिला होता. पुढचं वागणं-बोलणं हल्ली एआयवर चालणारी पात्रं जुन्या सीझनच्या आठवणींवरून स्वतःच ठरवत.

“अगं, यान चालवता येतं ना तुला?” मुक्ताने माइकवर विचारलं.

“येतं की. पण मला सोडवायला कॅप्टन येतील ना?”

मुक्ताने वळून देवधर सरांकडे पाहिलं. आधीचे सगळे सीझन त्यांनीच लिहिले होते. त्यांनी माइक ओढून घेतला.

“शाल्मली, या वेळी कुणीही येणार नाही.”

तिने त्यांचा आवाज ओळखला आणि शहाण्या मुलीसारखं खुर्चीचा पट्टा सोडला.

“बरं, सर. मरताना कॅप्टनसाठी काय निरोप ठेवू?”