टोपीतलं बाळ

बाळांनो, एक डोळा मिटा. दुसऱ्या डोळ्याला घड्याळजीचं काळं भिंग लावा आणि खाली वाका. काय दिसतंय? सुरुवातीला नुसतं धुकं. जरा श्वास रोखून धरा. आता एका माणसाच्या छातीवरचा पितळी बिल्ला दिसेल. फिरकीलाही नेमका तोच दिसत होता.

"पोस्टाचाच बिल्ला आहे, आजोबा! नक्की!"

दहा वर्षांची ही पोर एका जागी कधी बसायची नाही, म्हणून घरात तिला फिरकी म्हणत. आज मात्र ती तासभर हलली नव्हती. टेबलावर तिनं स्वतः आखलेला घराण्याचा वंशवृक्ष पसरला होता आणि त्यावर तो जुना फोटो. मधल्या खुर्चीत आजोबांचे आजोबा, मागे उभे पोस्टमन काका, शेजारी आजोबांची आई, आणि तिच्या मांडीवर लोकरीची टोपी घातलेलं बाळ.

ते बाळ म्हणजे मीच, असं आजोबा जन्मभर सांगत आले होते. ती टोपी अजून त्यांच्या कपाटात होती. आई गेली तेव्हा ते दीड वर्षांचे होते. तिचा दुसरा फोटो कुणाकडेच नव्हता.

"टोपीचं काय घेऊन बसलास?" आक्काआजी म्हणाल्या. त्या आजोबांच्या बहीण, तेरा महिन्यांनी मोठ्या. "ती टोपी आपल्याकडे सगळ्यांनी घातली. मांजरालाही घातली असेल. ते बाळ मी आहे. नाक बघ माझं!"

"त्या वयात सगळ्यांचीच नाकं बटाट्यासारखी असतात. तुझं तेवढं तसंच राहिलं."

"आजोबा, भांडू नका. अंदाज नको, पुरावा हवा, असं तुम्हीच सांगता ना?"

घड्याळं दुरुस्त करण्यात आयुष्य घालवलेल्या आजोबांनी पोस्टमन काकांचं नेमणुकीचं पत्र पुढे सरकवलं.

"एक मेपासून नोकरी," फिरकीनं वाचलं. "म्हणजे फोटो त्यानंतरचा."

मग तिनं नोंदणी कार्यालयातून सकाळीच आलेलं पाकीट उघडलं. आत खुर्चीतल्या म्हाताऱ्या आजोबांच्या मृत्यूची नोंद होती. "एकोणीस जून."

"कुठल्या वर्षीची?"

"त्याच वर्षीची. म्हणजे फोटो..." फिरकीची पेन्सिल वंशवृक्षावरून खाली घसरत गेली आणि आजोबांच्या जन्मतारखेपाशी थांबली. अठरा नोव्हेंबर. वर्ष तेच.

तिनं मान वर केली नाही.

"मे-जूनमधला," आजोबांनीच वाक्य पुरं केलं. "तेव्हा मी जन्मलोच नव्हतो." त्यांनी भिंग उचललं, फडक्यानं पुसलं. स्वच्छ होतं तरी पुन्हा पुसलं.

साठ वर्षांचं भांडण आक्काआजी जिंकल्या होत्या. पण त्यांचा चेहरा हरल्यासारखा झाला.

"जाऊ दे रे," त्या म्हणाल्या. "तूच हो ते बाळ. मला काय करायचंय?"

"असं कसं? पुरावा तो पुरावा." आजोबांनी वंशवृक्षाचा कागद फिरकीपुढे सरकवला. "लिही, फिरके. मांडीवर, आक्का."

फिरकीनं लिहिलं. अक्षर नेहमीपेक्षा बारीक आलं. मग पेन्सिल तशीच हातात ठेवून ती अठरा नोव्हेंबरकडे बघत राहिली आणि अंगठ्यानं एकेक पेर मोजू लागली. ऑक्टोबर, सप्टेंबर, ऑगस्ट... ती मागे मागे जात होती.

"आता कसला हिशेब चाललाय हिचा?" आक्काआजींनी विचारलं.

फेब्रुवारीशी अंगठा थांबला. फिरकी खुर्चीवरून उठली, आजोबांच्या शेजारी गेली आणि त्यांच्या हातातलं भिंग काढून बाजूला ठेवलं. मग तिनं त्यांचं बोट धरलं, फोटोवर नेलं, बाळाच्या अगदी कडेनं, हळूच आईच्या पोटावर टेकवलं, आणि दोन्ही हातांनी तिथंच घट्ट धरून ठेवलं.