आधी त्यांनी

"आधी ऑस्ट्रियाच्या प्रादेशिक चित्रपट निधीने हो म्हणावं, मग आम्ही म्हणू," लॅपटॉपवरच्या इटलीच्या निधीच्या बाई म्हणाल्या.

"छे, आधी त्यांनी," पडद्यावरच्या दुसऱ्या चौकटीतले ऑस्ट्रियाच्या निधीचे गृहस्थ म्हणाले.

दोघांच्या पैशांच्या होकाराशिवाय माझा सिनेमा उभा राहणार नव्हता, आणि मुदत आजच संपत होती. मागे माझ्या जुळ्या मुली एकाच बाहुलीचे पाय ओढत होत्या. आधी सोडायला एकही तयार नव्हती.

माझा धीर सुटला. "मुली भांडल्या की करते तेच करू का? तीन म्हणताच दोघांनी एकदम हो म्हणा. एक, दोन, तीन!"

दोघंही दुसऱ्याच्या 'हो'ची वाट बघत राहिले.

मागे बाहुली धप्पकन पडली. दोघींनी एकदम सोडली होती.

बाई खुदकन हसल्या.

"पुन्हा मोजा," गृहस्थ हळूच म्हणाले.