नरक न मानणारी साक्षीदार

"नरक आहे असं मानता का तुम्ही, बाई?"

आरोपीच्या वकिलाने हे विचारलं आणि अमेरिकेतल्या कनेटिकट राज्याच्या, दोनशे वर्षांपूर्वीच्या त्या गावकोर्टातली कुजबुज थांबली. साक्षीच्या पिंजऱ्यात मेहिटाबेल प्रॅट उभी होती. दगडी बांधाच्या भांडणात शेजारच्या रॉसवेलने तिच्या नवऱ्याच्या डोक्यात फावडं घालून त्याचा जीव घेतला होता. तिने ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. पाहणारी ती एकटीच, रॉसवेलचा धाकटा भाऊ चेस्टर सोडला तर.

"नुसतं हो म्हणा," असं सरकारी वकिलाने तिला सकाळीच बजावलं होतं.

"नाही मानत," मेहिटाबेल म्हणाली. "देव मानते. पण स्वतःची लेकरं कायमची आगीत जाळील असा तो नाही. शेवटी सगळ्यांना जवळ घेईल. आमच्या पंथात हेच शिकवतात, आणि मलाही तेच पटतं."

"रॉसवेललाही घेईल?"

"त्यालाही. पण आधी त्याने इथे उत्तर द्यावं."

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "मेल्यावरच्या शिक्षेची ज्याला भीती नाही, त्याच्या शपथेला कायद्यात किंमत नाही. उतरा खाली."

आता बोला. सरकार वेगळं आणि चर्च वेगळं, अशी दवंडी या राज्याने केव्हाच पिटली होती. पाद्रीबाबांसाठीची सक्तीची करपट्टीसुद्धा बंद झाली होती. कोर्टात मात्र माणसाने काय पाहिलं हे विचारायच्या आधी तो कोणाला घाबरतो हे विचारत होते. खोटं बोलली नाही, म्हणून बाई खोटारडी ठरली. संताप येईल नाहीतर काय?

मग चेस्टरला बोलावलं. नरक मानतोस? मानतो. त्याने उजवा हात वर करून देवाची शपथ घेतली आणि सांगितलं, की प्रॅटकाकांचा बांधावरून पाय घसरला, डोकं दगडावर आपटलं. ज्युरीतल्या पंचांनी रॉसवेलला सोडून दिलं.

पायऱ्यांवर सरकारी वकिलाने तिला गाठलं. "एक शब्द, बाई. तेवढाही तोंडातून निघेना?"

"खरं सांगायला बोलावलंत ना मला? मग सुरुवातच खोट्याने करू?"

बाहेर लोक रॉसवेलची पाठ थोपटत होते. चेस्टर मात्र घोडे बांधायच्या खांबापाशी एकटाच उभा होता. मेहिटाबेल समोर आली तशी त्याने मान खाली घातली.

"काकू, भाऊ आहे हो तो माझा."

"माझा देव तुला माफ करील, चेस्टर," टोपीची नाडी बांधत ती म्हणाली. "पण आत ज्याची शपथ घेतलीस, त्या तुझ्या देवाचं काय करशील?"

चेस्टरने उजवा हात हळूच कोटाच्या खिशात घातला.