बांधावर तीनशे मेंढरं

हैदराबादच्या पोलीस ॲक्शननंतर चुडाव्याकडच्या त्या गावात झालेला हा पहिलाच मातीचा बांध. वरचा थर अजून भुसभुशीत होता, दाबायचा रोलर परभणीहून निघाला नव्हता आणि आभाळ तर गच्च भरून आलेलं. ओव्हरसियर साहेब म्हणाले, "सैल बांध पाण्यानं फुटला तर खालची वस्ती वाहून जाईल. त्यापेक्षा उद्या आपणच मधोमध चर पाडून पाणी जाऊ देऊ."

भिवराबाई त्याच वस्तीवरची. वर्षाचं पाणी जाणार म्हटल्यावर तिला राहवेना.

"सायेब, माजी मेंढरं घालू का बांधावर? तीनशे हायत. ही ज्या वाटंनं जात्यात ती दगडावानी टणक व्हते."

साहेब म्हणाले, "घाला."

या टोकापासून त्या टोकापर्यंत ती दिवसभर कळपामागं पळाली. बघताबघता सगळं गाव हाकायला धावलं. संध्याकाळी साहेबांनी मातीत पहार मारली, ती जेमतेम बोटभर शिरली. साहेब हसायलाच लागले.

"काय चुकलं का, सायेब?"

"नाही, भिवराबाई. मी महिनाभर ज्या रोलरची वाट बघतोय ना, त्याला लोखंडी खुरं असतात. इंग्रजीत त्याचं नावच आहे मेंढीचा पाय."