डाव्या पायातली चप्पल

"अहो, डाव्या पायातली चप्पल कुठे गेली?"

दवाखान्याच्या जिन्यावर ह्यांनी खाली पाहिलं. चप्पल चार पायऱ्या वर राहिली होती आणि त्यांना पत्ताच नव्हता. "लग्नात तुझ्या बहिणीने पळवली, तेव्हाही मला असंच उशिरा कळलं," ते हसले आणि कठड्याला धरून खाली बसले.

रक्ताचा कॅन्सर इंजेक्शनांनी आटोक्यात आला होता. त्याच इंजेक्शनांनी पाय मात्र बधिर झाले होते.

मला आश्चर्य वाटलं नाही. पेशी नको असलेली प्रथिनं मोडून टाकतात. ह्या औषधाने ते मोडणं थांबवलं, की कॅन्सरच्या पेशी साचलेल्या प्रथिनांनी गुदमरून मरतात. तीस वर्षांपूर्वी आमच्या प्रयोगशाळेत मी ते पाहिलं होतं. शेजारच्या बशीत त्याच औषधाने चेतापेशींचे धागे आखडले होते, तेही पाहिलं होतं.

"बाई, शोधनिबंधात एकच गोष्ट सांगायची असते," प्रयोगशाळेचे प्रमुख सर तेव्हा म्हणाले. मी निबंधातली त्या धाग्यांबद्दलची ओळ खोडली. निबंध छापून आला तेव्हा ह्यांनी गल्लीभर पेढे वाटले. खोडलेल्या ओळीबद्दल मी त्यांना कधीच सांगितलं नाही.

चप्पल आणून मी त्यांच्या खालच्या पायरीवर बसले. ते फाटकाकडे रिक्षा दिसते का बघत होते. मी दोन्ही हातांनी त्यांचा पाय धरला. घट्ट धरला.

"झाली का गं घालून?" त्यांनी विचारलं.

चप्पल अजून माझ्या शेजारी पायरीवरच होती.