गोलकीपर आला का?

झाशीच्या अलीकडे सिग्नल लाल होता आणि दिवाकरची शेवटची मालगाडी पाऊण तास त्याच्यापुढे ताटकळत होती. चौतीस वर्षं गार्डाच्या डब्यात काढली की माणसाला थांबण्याचं काही वाटेनासं होतं म्हणतात. दिवाकरला आज वाटत होतं. साडेदहाला पोचायची गाडी आणि तीन वाजून गेलेले. तिकडे रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये त्याच्या निवृत्तीचं जेवण होतं, आणि ज्याच्यासाठी जेवण तो एप्रिलच्या उन्हात बाभळी मोजत बसला होता.

मोबाईल वाजला. बायको होती, विद्या.

"अहो, लोक थांबून थांबून शेवटी जेवले. ड्यूटीवाले गेले. बँडवाल्या भैयांना दुसरी बारात होती, तेही गेले."

"असू दे. उस्ताद आहेत ना?"

"होते. त्यांचं पान वाढलं होतं. मग उठले. मला वाटलं, हात धुवायला गेले असतील. परत आलेच नाहीत."

मार्तंडराव उस्ताद पान टाकून उठले? दिवाकरचा विश्वास बसेना. रेल्वेच्या हॉकी टीमला वीस वर्षं घडवून निवृत्त झालेले हे एक्याऐंशी वर्षांचे गृहस्थ खाण्याच्या बाबतीत भलतेच पक्के. मथुरेपासून नागपूरपर्यंत जुन्या खेळाडूंकडचं एक लग्न, एक बारसं त्यांनी चुकवलं नव्हतं. रेल्वेचे वर्षाचे फुकट पास दिवाळीच्या आत संपायचे. कुठल्या गावी काय खायचं ते टाइमटेबलासारखं पाठ. भुसावळला भरीत-पुरी, सागरला चिरौंजीची बर्फी, ग्वाल्हेरला बेडई. आणि झाशीला परतलं की घरी जाण्याआधी लक्ष्मी गेटच्या हलवायाची कचोरी, तीही पिशवी हातात धरून उभ्याउभ्या. उस्ताद हॉकीसाठी फिरतात की कचोरीसाठी, असं पोरं मागे खिदळायची. खिदळणाऱ्यांत दिवाकरही असायचा.

पण त्याला दुसरंही आठवत होतं. मॅच संपवून टीम कुठल्याही हॉटेलात बसली की एक जागा रिकामी असायची. गोलकीपरला पॅड सोडायला वेळ लागतो. पोटात कावळे ओरडत असलेले दहा जण ताटाकडे बघायचे आणि उस्ताद दाराकडे. "गोलकीपर आला का?" तो आल्याशिवाय कोणी घासाला हात लावायचा नाही. उस्तादही लावायचे नाहीत.

गोलकीपर दिवाकर होता. पुढे तो गार्ड झाला, म्हणजे पुन्हा सगळ्यात मागेच. पण तो आला का, हे नंतर कोणी विचारलं नाही. त्याला आज हार नको होता, बँडही नको होता. उस्तादांनी तेवढं थांबायला हवं होतं.

मग त्याच्या ध्यानात आलं. आज संध्याकाळी ग्वाल्हेरला गोपाळरावांच्या नातीचा साखरपुडा. गोपाळराव म्हणजे टीमचे कॅप्टन. उस्ताद तिकडची गाडी पकडायला निघाले असणार. बरोबरच आहे, कॅप्टन तो कॅप्टन. असं स्वतःला समजावलं खरं, पण त्याला फार वाईट वाटलं.

सिग्नल हिरवा झाला. गाडी रखडत यार्डात शिरली आणि थांबली. दिवाकर दारातून वाकला. पार पुढे चार माणसं हार घेऊन आली होती, पण सवयीने ती इंजिनाकडेच धावली. रेल्वेत हार इंजिनाला आणि ड्रायव्हरला घालायचा हे हाताला इतकं बसलेलं, की आज निवृत्त होणारा गार्ड आहे हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही. ड्रायव्हर गळ्यात हार घालून घेऊन वर हसतही होता.

दिवाकरने झेंड्या गुंडाळल्या, पेटी उचलली आणि तो खाली उतरला.

समोर रुळांखाली घालायच्या स्लीपरांच्या ढिगावर, डोक्याला ओला रुमाल बांधून, काठीवर हनुवटी टेकून मार्तंडराव उस्ताद बसले होते. शेजारी वर्तमानपत्राने झाकलेल्या दोन पत्रावळी. कागद उडू नये म्हणून त्यांवर एकेक खडा ठेवलेला.

"उस्ताद! तुम्ही इथे?"

"केबिनवाल्याला विचारलं, डबे किती. अठ्ठावन्न म्हणाला. म्हटलं, मग गाडीचं शेपूट इथेच येणार. दीडपासून बसलोय."

"इतक्या उन्हात? आणि गोपाळरावांकडचा साखरपुडा?"

"त्याच्याकडे माणसांना काय तोटा? त्याला फोन केला, उद्या येतो म्हणून. बेडई उद्याही मिळेल."

दिवाकरने पत्रावळीवरचा कागद उचलला. पुऱ्या गार पडून चामट झाल्या होत्या. श्रीखंडाला पाणी सुटलं होतं. दोन्ही पानं अगदी जशीच्या तशी होती.

"तुम्ही जेवला नाहीत?"

इतका खुळा प्रश्न आयुष्यात ऐकला नसावा, तसं उस्तादांनी त्याच्याकडे पाहिलं.

"तू आला कुठे होतास?"

दिवाकर पायांना हात लावायला वाकला, तर पाय जागेवर नव्हते. म्हातारा काठी टेकत उठला होता आणि इंजिनाकडे तोंड करून, तोंडाशी हात धरून, मैदानावर द्यायचा तशी हाक देत होता.

"अरे ओ! गोलकीपर आ गया! परोसो!"

अठ्ठावन्न डब्यांपलीकडे माणसं दचकून वळली, आणि त्यांतल्या एकाने घाईघाईने ड्रायव्हरच्या गळ्यातला हार काढला.