नाव वाचायचं राहिलं

भाकरीच्या तुकड्यांचं ताट घेऊन शांतवन मास्तर शेवटच्या बाकापाशी थांबले, आणि सगळी मंडळी माना वळवून बघायला लागली. मास्तर चौतीस वर्षं चर्चच्या मंडळीचे सेक्रेटरी, पण प्रभुभोजनाचं ताट या बाकापर्यंत त्यांनी कधी आणलं नव्हतं. आणायचंच नसतं. दारालगतचा, चपलांच्या ढिगाशेजारचा हा बाक शिक्षा झालेल्यांचा.

बाकावर रतनकाकी एकटीच होती. पंचाहत्तरीची म्हातारी, डोक्यावर पदर, मांडीवर गीतांचं पुस्तक.

"घ्या काकी," मास्तर हळूच म्हणाले.

काकीनं ताटाकडं बघितलं, मग मास्तरांकडं. "माजं नाव वाचलं न्हाई अजून."

झालं!  नेमकं हेच मास्तरांना नको होतं.

अकरा वर्षांपूर्वी काकीच्या मोनिकानं शेवगावच्या गहिनीनाथशी हिंदू पद्धतीनं लग्न केलं. काकी लग्नाला गेली आणि वर लेकीला हळद लावून आली. तेव्हाचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, कडक, आणि मास्तर त्यांच्या वरचढ. ठराव मास्तरांनीच मांडला: रतनबाईला प्रभुभोजन बंद, जागा मागच्या बाकावर. मुदत संपली की सेक्रेटरीनं भर उपासनेत नाव वाचायचं, मगच माणसानं उठून पुढं यायचं, अशी रीत. आता नव्या पाळकबाई आल्या, प्रार्थनाबाई. त्यांनी पंचांच्या मागं लागून शिक्षेची रीतच मोडीत काढली आणि काल जुनी वही मागवली. मास्तरांनी वही उघडली, तर त्यांच्याच वळणदार अक्षरात लिहिलेलं, 'मुदत तीन महिने'.

तीन महिने! जुन्या पाळकांची राहात्याला बदली झाली, दुसरे यायला वर्ष गेलं, आणि नाव वाचायचं मास्तर साफ विसरले. बरं, नुसते विसरले असते तरी एक वेळ चाललं असतं. पण काकीनं त्यांना एकदा दारात गाठून विचारलं होतं, "शांतवन, माजं काई वाचायचं राहिलंय का रं?" आणि या शहाण्यानं वही न उघडताच तिला वाटेला लावलं होतं, "मंडळीचं काम मंडळीला कळतं, काकी." त्यानंतर म्हातारीनं तोंड उघडलं नाही. एक रविवार चुकवला नाही आणि बाकही सोडला नाही.

"उद्या सगळ्यांसमोर सांगा, मास्तर," पाळकबाई काल म्हणाल्या होत्या.

"कशाला बाई? मी गुपचूप ताट नेतो तिच्यापुढं. भोळी आहे म्हातारी, घेईल."

भोळी म्हातारी आता हात मांडीवर ठेवून बसली होती.

"काकी, ती शिक्षाबिक्षा आता राहिलीच नाही," मास्तर कुजबुजले. "बाईंनी सगळंच रद्द केलंय. घ्या बघू."

"बाईंनी न्हाई मला बंद केलं. बंद तू वाचलं हुतंस. आता तूच वाच."

मास्तरांनी आशेनं पुढं बघितलं. पाळकबाई टेबलापाशी उभ्या होत्या. त्या काही मदतीला आल्या नाहीत. मास्तरांनी घसा खाकरला आणि एका दमात म्हणून टाकलं, "रतनबाई योहान साळवे यांना मंडळीत परत घेण्यात येत आहे." मग घाईघाईनं ताट पुढं केलं.

"कवापासून?" काकीनं विचारलं.

'आजपासून' हा शब्द अगदी जिभेवर आला होता. वही पाळकबाईंखेरीज कुणी बघितली नव्हती, आणि त्या चारचौघांत खोटं पाडणाऱ्यातल्या नव्हत्या. एक शब्द, की सुटले. पण काकी त्यांच्या तोंडाकडं बघत होती. तिच्या नजरेत राग असता तर मास्तरांनी तो शब्द बोलूनही टाकला असता. राग नव्हता. तिला खरंच तारीख हवी होती.

"बारा जूनपासून," मास्तर म्हणाले.  "दोन हजार चौदाच्या. तीनच महिन्यांची शिक्षा होती, काकी. मी विसरलो. तुम्ही विचारायला आलात, तरी मी वही उघडली नाही."

"अगं बाई!" बायकांच्या बाजूनं कुणीतरी म्हणालं.  पण नवल कसलं? अकरा वर्षं तो बाक सगळ्यांनीच बघितला होता की! मास्तरांचे कान तापले होते. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्यांना झालं.

काकीनं एक तुकडा उचलला. कपाळाला लावून, डोळे मिटून, सावकाश खाल्ला. पहिल्या रांगेतली दीना सरकली, शेजारची जागा हातानं थोपटून म्हणाली, "या काकी, पुढं या." दोघी-तिघी हात धरायला उठल्यासुद्धा.

काकी उठली नाही. ती भिंतीकडं सरकली, मोकळी झालेली जागा तिनं पदरानं पुसली.

"पाय कापत्यात तुजे. ताट दे दीनाकडं, आन् बस हितं," ती मास्तरांना म्हणाली. "तुजं नाव वाचस्तवर मी बी बसते."